तोडणीच्या बाईचं नाव कागदावर घ्या: सोलापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांच्या अध्यक्षांना खुले पत्र

प्रति,
सर्व मा. अध्यक्ष, संचालक मंडळ व कार्यकारी संचालक,
सोलापूर जिल्ह्यातील सहकारी आणि खाजगी साखर कारखाने.

सप्रेम नमस्कार.

मी माढा तालुक्यातली ऊस उत्पादक. तुमच्यापैकी एका कारखान्याची सभासदही आहे. शेअर आधी सासऱ्यांच्या नावावर होता, आता माझ्या आहे. उजनीचं पाणी आल्यापासून आमच्या घराने उसाशिवाय दुसरं मोठं पीक घेतलेलं नाही, तेव्हा हे पत्र बाहेरून कोणी लिहिलंय असं समजू नका. सभेत बायका पहिल्या रांगेत बसवल्या जातात, फोटो निघतात, पण माईक त्यांच्यापर्यंत येईस्तोवर राष्ट्रगीत सुरू झालेलं असतं. म्हणून लिहून काढलं.

विषय तोडणीचा आहे. टोळी वेळेवर येत नाही, ड्रायव्हर एन्ट्री मागतो, मजूर खुशाली मागतात, म्हणजे सगळे वरचे पैसे, हे सगळं आपण दरवर्षी बोलतो आणि यंदाही बोलूच. मला टोळीतल्या बाईबद्दल बोलायचं आहे.

माझ्या उसाची नोंद तुमच्या शेतकी खात्याकडे आहे. गट नंबर, क्षेत्र, जात को ८६०३२, लागवडीची तारीख, आडसाली की पूर्वहंगामी की खोडवा, सगळं संगणकात आहे. गाडी काट्यावर गेली की किलोपर्यंत वजन होतं आणि मला मोबाईलवर मेसेज येतो. हाच ऊस तोडणारी, पाला काढणारी, मोळी बांधणारी आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणारी बाई मात्र तुमच्या एकाही रजिस्टरात नाही. तुमचा करार वाहनमालकाशी. वाहनमालकाचा टोळी जमवणाऱ्या मुकादमाशी. मुकादमाचा तिच्या नवऱ्याशी. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल, म्हणजे हंगामाआधी मिळणारे आगाऊ पैसे, त्या कोयत्याला, मजुरी त्या कोयत्याला, आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, हिशेब होतो तोही नवऱ्याच्याच हातात. निम्मं काम तिने केलेलं असतं. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगायचं तर निम्म्याहून जास्त, कारण पहाटे तीनला उठून भाकरी तिनेच थापलेल्या असतात आणि रात्री गाडी भरून झाल्यावर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, चूलही तीच पेटवते.

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, टनाला २७३ रुपयांवरून ३६६ झाला. चांगलं झालं. आता हिशेब मांडू. एक जोडपं दिवसाला साधारण दोन टन ऊस तोडून भरतं. म्हणजे दोघांचे ७३२ रुपये. उचल एक लाखाची असेल तर ती फिटायला २७३ टन तोडावे लागतात. रोज दोन टन धरले तर १३७ दिवस, तेही एक दिवस न चुकता. अख्खा हंगाम संपला की हातात शून्य. आता ‘एक दिवस न चुकता’ हे कसं जमायचं? पाऊस येतो, गाडी वेळेवर खाली होत नाही, पोराला ताप येतो, तिची पाळी येते. न आलेल्या दिवसाचा खाडा धरला जातो, आणि खाडा म्हणजे नुसती मजुरी गेली असं नाही, वरून दंड. पाचशे, हजार, मुकादम म्हणेल तो. काम नाही केलं म्हणून कर्ज वाढलं, असा व्यवहार आपण आपल्या घरच्या कोणाशी होऊ दिला असता का?

न फिटलेली बाकी पुढच्या हंगामावर जाते. पुढच्या वर्षी तीच टोळी, तोच मुकादम. नवरा वारला किंवा पळून गेला तरी बाकी राहतेच, आणि ती बाईकडे मागितली जाते. जिच्या हातात उचलीचा एक रुपया आला नाही, जिची कुठे सही नाही, ती फेडणार. वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा १९७६ चा आहे. उचल देऊन माणसाला कामाला बांधून ठेवणं त्यात बसतं, आणि तो राबवायची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आहे. १९८२ मध्ये, दिल्लीत आशियाई खेळांसाठी बांधकामं चालली होती तेव्हाच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात करून घेतलेलं काम ही सक्तीची मजुरीच. आपल्या फडांत रोज काय चालतं ते या दोन्ही मापांनी मोजायला कोणी आलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

कोयत्याला दोघं लागतात याचा आणखी एक परिणाम आपल्याला इकडे दिसत नाही, कारण तो तिकडे, तिच्या गावात होतो. एकट्याला अर्धा कोयता धरतात आणि उचलही अर्धी. जोडी असेल तर पूर्ण. त्यामुळे दिवाळीच्या आधी पोरींची लग्नं उरकली जातात. पंधरा-सोळा वर्षांच्या. आमच्या बांधावर ओढणीने मोळी बांधणारी पोर बघून आपण ‘किती लहान आहे गं’ म्हणतो आणि पुढच्या सरीकडे वळतो.

बीडच्या गर्भपिशव्यांचा विषय तुम्हाला माहीत आहे. २०१९ मध्ये तो गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली, आणि बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. त्याच्या थोडं आधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचं प्रमाण शंभरात तीनसुद्धा नव्हतं. त्यानंतर बीडमध्ये खाजगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. बीडने निदान एवढं केलं. पण त्या बायका सहा-सहा महिने होत्या कुठे? आपल्याकडे होत्या. आणि आपल्यासारख्या इतर साखरपट्ट्यात. पाळीत चार दिवस बसायची सोय नाही, संडास नाही, अंगावरून जातंय तरी खाडा नको म्हणून मोळी उचलायची, आणि गावी परतल्यावर डॉक्टर म्हणतो पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. त्या दवाखान्यांवर बोट दाखवणं सोपं आहे. खाडा मात्र आपल्या फडात धरला जात होता.

गेल्या हंगामात आमच्या फडात एका बाईच्या पिंढरीवर कोयता बसला. मी तिला गाडीवर घालून सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या सिस्टरने केसपेपर लिहायला घेतला आणि पत्ता विचारला. बाईने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मुकादमाचं नाव व मोबाईल नंबर सांगितला. तो तिला पाठ होता. स्वतःचा नंबर नव्हताच, फोन नवऱ्याकडे. सिस्टर चांगली होती, तिने काही न बोलता माझ्या गावाचं नाव लिहिलं. टाके पडले, इंजेक्शन झालं. तिसऱ्या दिवशी बाई पुन्हा फडात, पायाला कापड गुंडाळून. मी मुकादमाला दोन शब्द सुनावले, तर तो म्हणाला, “ताई, तुमचाच ऊस वाळतोय.” खरं होतं ते. म्हणूनच हे एका सभासदाच्या चांगुलपणावर सोडून चालत नाही.

अलीकडे निर्वासितांबद्दल वाचताना हीच बाई डोळ्यांसमोर येत राहिली. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने सही केलेली नाही, आणि त्यांच्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही. दिल्लीत अफगाणिस्तानच्या, म्यानमारच्या चिन बायका आहेत, हैदराबादेत रोहिंग्या आहेत. त्यांच्यातल्या अनेकींजवळ फार तर संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेचं एक कार्ड असतं, आणि त्या कार्डाने काम करायचा हक्क मिळत नाही. मग मालक देईल ती मजुरी घ्यायची, अंगाला हात लावला तरी ठाण्यात जायचं नाही, कारण ठाण्यात पहिला प्रश्न हाच की तू इथे कशी? त्या बायकांचं दुखणं कागद नसण्याचं आहे. आपल्या टोळीतल्या बाईकडे सगळे कागद आहेत. आधार आहे, रेशनकार्ड आहे, मतदान ओळखपत्र आहे. फक्त ते पाथर्डीचे आहेत, वडवणीचे आहेत, परतूरचे आहेत. आमच्या तालुक्यात आली की ती कोणाचीच नसते. ग्रामपंचायत म्हणते आमची नाही, अंगणवाडी म्हणते आमच्या यादीत नाही. रेशन आता देशात कुठेही उचलता येतं, पण फड आठवड्याला हलतो, दुकानदार कोटा नाही म्हणतो आणि अंगठा उठवायला जायचं म्हणजे पुन्हा खाडा.

कायदाही गमतीचा आहे. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ मध्ये झाला, प्रवासभत्ता, राहायची जागा, ठेकेदाराची नोंदणी वगैरे त्यात होतं. आता तो नव्या श्रमसंहितेत गेला आहे आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून संहिता लागू झाल्या. पण त्यातला शब्द ‘आंतरराज्य’ असाच आहे. बीडची टोळी हद्द ओलांडून बेळगावच्या कारखान्याला गेली तर तिला निदान कायद्याचं नाव तरी घेता येतं. तीच टोळी पंढरपूरला आली तर ती आपल्याच राज्यात आहे, म्हणून तेही नाही. आपल्या मंगळवेढ्याच्या बायका कर्नाटकात तोडीला जातात, त्यांचा विचार करून बघा, म्हणजे कायद्याची ही हद्द किती विचित्र जागी आखली आहे ते कळेल.

तुमचं उत्तर मला पाठ आहे. ‘ते आमचे कामगार नाहीत, वाहनमालकाचे आहेत.’ सोलापूरकरांनी हे उत्तर पूर्वी ऐकलेलं आहे. शहराच्या पूर्व भागात हजारो बायका पिढ्यान्‌पिढ्या घरात बसून विड्या वळतात. तेलंगणातून विणकामासाठी आलेल्या कुटुंबांतल्या बऱ्याच. विडी कारखानदारही असंच म्हणायचे की बाई आमची नाही, ती घरी काम करते, पान-तंबाखू ठेकेदार देतो. १९६६ मध्ये विडी कामगारांचा स्वतंत्र कायदा झाला, त्यात घरी वळणारी बाईही कामगार ठरली. पुढे ऐंशीच्या दशकात सर्वोच्च न्यायालयाने घरी वळणाऱ्या कामगारांनाही भविष्य निर्वाह निधी लागू केला. तिच्या नावाचं कार्ड झालं, पीएफ खातं झालं. नाव कागदावर होतं म्हणूनच सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली आणि रे नगरची घरं जानेवारी २०२४ मध्ये वाटली गेली. या घरांसाठी लढलेले माकपचे माजी आमदार आडम मास्तर, त्यांचं राजकारण कोणाला पटो न पटो, घरं दिसतात. विडीवाल्या बाईचे हाल संपले असं मी म्हणत नाही, छाटाच्या, म्हणजे खराब मालाच्या नावाखाली तिच्या विड्या आजही मोजणीतून कापल्या जातात. पण भांडायला गेली तर ती कोण हे कार्डावर लिहिलेलं असतं. त्याच जिल्ह्यात, तिच्यापासून तासाभराच्या अंतरावर, उसातल्या बाईला तेवढंही नाही.

आणि एका बाबतीत तर ती तुमची कामगार आहेच. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा काढून बघा. ठेकेदारामार्फत आलेली स्त्रीही त्यात येते, मुख्य मालकाला तिची माहिती असो वा नसो. हे शब्द कायद्याचे आहेत, माझे नाहीत. रात्री दोनला गाडी भरायला उठवलेली बाई, अंधारात शौचाला उसात जाणारी बाई, उचलीची बाकी ‘समजून घेतो’ म्हणणारा मुकादम, ट्रॅक्टरवाला, आणि हो, आमच्यातलाही एखादा बागायतदार. हे घडत नाही असं म्हणणारा माणूस फडावर कधी गेलेला नाही. तक्रार साधारण तीन महिन्यांत करायची असते. तोवर टोळी तीन गावं बदलून गेलेली असते. जिल्हाधिकाऱ्यांनी नेमलेली स्थानिक तक्रार समिती असते, पण तिचा फोन नंबर सोलापूरच्या कुठल्या भिंतीवर लिहिला आहे ते फडातल्या बाईला कसं कळणार? कारखान्याचा स्लिपबॉय फडावर जी चिठ्ठी देतो तिच्या पाठीमागे तो नंबर छापा. मराठीत, ठळक. तुम्हाला शाईपलीकडे खर्च नाही.

आता तुमच्या बाजूचं. मुकादम उचल घेऊन फरार होतात, एकच टोळी तीन वाहनमालकांना दाखवून तिघांकडून पैसे घेतात. आमच्या गावातल्या दोन पोरांनी ट्रॅक्टर विकून ते पैसे भरले, मी पाहिलं आहे. पोलिसांत गुन्हे दाखल होतात, निकाल लागत नाही. हे दुखणं खोटं नाही. पण ते चालतं कशावर? माणसाच्या नावाची नोंद नसण्यावर. ‘वीस कोयते’ एवढंच लिहिलेलं असेल तर तेच वीस कोयते कितीही जणांना विकता येतात. चाळीस माणसांची नावं, आधार आणि फोटो तुमच्या संगणकात असतील आणि शेजारच्या कारखान्यालाही ती यादी दिसत असेल, तर मुकादमाला एक टोळी तीनदा विकता येणार नाही. बाईची नोंद ही तिच्यासाठी आहेच, पण हिशेबी माणसाने स्वतःसाठी म्हणूनही करावी अशी गोष्ट आहे. ग्रामसेवकाकडून तिच्या गावी नोंद करून ओळखपत्र द्यायचं शासनाने ठरवलेलं आहे. ज्यांना मिळालं त्यांचा नंबर घ्या, ज्यांना नाही त्यांना गट ऑफिसवर, टोळी उतरेल त्याच दिवशी द्या. ऊस नोंदवायला तुमचा माणूस बांधावर येतो, बाई नोंदवायला कोपीपर्यंत यायला काय हरकत आहे?

एकदा नाव आलं की पुढचं आपोआप होत नाही, पण मागता तरी येतं. कोयत्याची मजुरी दोन खात्यांत निम्मी-निम्मी जमा करा. उचलीच्या कागदावर तिची सही नसेल तर तिच्याकडून वसुली नाही, हे वाहनमालकाशी होणाऱ्या करारात घाला. गरोदर, बाळंत आणि आजारी बाईचा खाडा धरायचा नाही, धरला तर मुकादमाचं कमिशन कापायचं. मुकादमाला वीस टक्के कमिशन आपण उगाच देत नाही, त्या बदल्यात एवढी अट घालता येते. सातव्या महिन्यातल्या बाईला फळीवरून मोळी घेऊन चढवायचं नाही, हे करारात लिहावं लागतं याचीच मला लाज वाटते, पण लिहा.

पैशाचं म्हणाल तर गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी टनामागे दहा रुपये तुम्ही द्यायचे आणि तेवढेच शासनाने घालायचे, अशी व्यवस्था आहे. सहा लाख टन गाळणाऱ्या कारखान्याचे साठ लाख होतात. ते गेले कुठे, त्यातून आपल्या कार्यक्षेत्रातल्या फडावर किती संडास, किती सौरदिवे, किती पाळणाघरं आली, हे वार्षिक अहवालात एका ओळीत छापा. अहवालात साखरेचा उतारा दोन दशांश स्थळांपर्यंत असतो, ही ओळही मावेल.

कोणी म्हणेल, तोडणी यंत्रं येताहेत, प्रश्न मिटेल. यंत्राची किंमत कोटीच्या घरात, आमची शेतं दीड-दोन एकरांची, सरी अरुंद. यंत्र येईल तेव्हा येईल. आणि आल्यावर या बायकांचं काय, हा वेगळा प्रश्न उभा राहील. तोवर पुढचे कित्येक हंगाम आपला ऊस हातानेच तुटणार आहे.

खाजगी कारखान्यांकडे माझा मताचा हक्क नाही, फक्त ऊस आहे. तो कोणाला घालायचा हे मी ठरवू शकते आणि ठरवणार आहे. सहकारी कारखान्याच्या अध्यक्षांना मात्र सभासद म्हणून सांगते: सप्टेंबरअखेरच्या वार्षिक सभेसाठी खालील ठराव कार्यालयात रीतसर दिला आहे आणि पोच घेतली आहे.

“येत्या गळीत हंगामापासून कारखान्याच्या कार्यक्षेत्रात तोडणी करणाऱ्या प्रत्येक स्त्रीची स्वतंत्र नोंद, स्वतंत्र ओळखपत्र व स्वतंत्र बँक खात्यात मजुरी केल्याशिवाय कोणत्याही तोडणी-वाहतूक कराराचे बिल काढू नये.”

सूचक मी आहे. अनुमोदक म्हणून आमच्या गटातल्या दोन महिला सभासदांनी सह्या केल्या आहेत. ‘अध्यक्षांच्या परवानगीने येणारे आयत्या वेळचे विषय’ यात तो टाकू नका. विषयपत्रिकेवर क्रमांक देऊन घ्या, आणि मतदान हात वर करून घ्या, म्हणजे कोणाचा हात कुठे होता ते सगळ्यांना दिसेल.

आपली,
एक ऊस उत्पादक सभासद,
ता. माढा, जि. सोलापूर